नवरदेव कुठंय?

शनिवार, सकाळ. हजर: मी आणि आमची संशोधक विद्यार्थिनी सुवर्णा. गैरहजर: समुद्रवाले सर. त्यांना जाऊन महिना झाला, तरी हजेरीत नाव तोंडात येतंच.

सर समुद्रापासून लांब, कुंभार पिंपळगावचे. त्यांना बोट लागायची, मासळी ते खात नसत, आणि आयुष्यभर काम केलं कोकणातल्या खडकांवरच्या समुद्री स्पंजावर. त्यातून काढलेला एक पदार्थ कॅन्सरच्या पेशी मारतो, हे आमच्या जालन्यातल्या प्रयोगशाळेत केव्हाच दिसलं होतं. पेशीतल्या कोणत्या प्रथिनाला धरून मारतो, ते सापडेना.

पद्धत ऐकायला सोपी. पदार्थ बारीक मण्यांना जोडायचा, वरून पेशींचा रस ओतायचा, धुवायचं. मण्यांना धरून राहिलं ते प्रथिन आपलं. पण काही प्रथिनं कशालाही चिकटतात. धरून राहिलेली प्रथिनं जेलच्या पातळ थरावर वेगवेगळ्या रेघांसारखी दिसतात; सुवर्णा त्यातली ठळक रेघ हौसेनं दाखवायची. सर चष्मा कपाळावर ढकलत. "हा तर हरेक लग्नात जेवून राह्यला, पोरी. नवरदेव कुठंय?"

मग त्यांचा ठरलेला हट्ट: तोच प्रयोग पुन्हा, पण रसात आधी मण्यांना न जोडलेला, मोकळा पदार्थ मिसळून, म्हणजे खरं प्रथिन त्यालाच धरेल आणि मण्यांवर येणार नाही. "नवरदेवाला घरातच गुंतवून ठेवा. मंग कालच्या मांडवात होता अन् आज न्हाई, तोच आपला."

बरोबरच होतं. पण या पडताळणीला पदार्थ भरपूर लागे, आणि दरवेळी रेघ गायब न होता तशीच उरे. म्हणजे पाहुणाच. सामान माझ्या ताब्यात; माझा जीव जळायचा.

"सर, शेवटची कुपी उरलीय. तीही पडताळणीत घालवायची?"

"मंग काय तिची आरती करायची, ताई?"

ती कुपी उघडायच्या आधीच सर दवाखान्यात गेले. ते तिथं असताना, पदार्थ आधीच जोडलेल्या जुन्याच मण्यांवर एक नवी रेघ आली, आधी कधीच न दिसलेली. सुवर्णानं उड्या मारत फोन लावला. पलीकडून आधी खोकला, मग प्रश्न: "जेवणारा का नवरदेव?" पडताळणी झाली नव्हती.

आज ती म्हणाली, "मॅडम, हेच प्रथिन लिहून टाकू का? प्रबंध किती अडवायचा? आता विचारणारं कोण आहे?"

तिचं चुकत नाही. कुपीत एकाच पडताळणीपुरतं आहे. फसलं तर पुन्हा समुद्र, पुन्हा परवानग्या, सगळं पहिल्यापासून. मी चिडले, तिच्यावर नाही, सरांवर. माणूस गेला आणि प्रश्न इथंच ठेवून गेला.

"लिहू नकोस," मी म्हटलं.

कुपी फ्रीजरमध्ये आहे. पेशी वाढवायच्या, मणी धुवायचे, वीज जाणार नाही असा दिवस बघायचा. पडताळणी बाकी.