म्हस न्हाय आली

तीन आठवडे मी रोज संध्याकाळी एका ढोलकीला हाका मारत होते आणि ती ढोलकी काही येत नव्हती.

हे वाक्य मी नातीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आजी, नीट सांग ना." नीट सांगते, बाई. पण त्या दिवसांत नीट असं काही नव्हतंच.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी बेचाळीस वर्षांची, कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी आणि मनातल्या मनात स्वतःला नटी समजणारी. शाळेच्या स्नेहसंमेलनात तीनदा राजमाता झाले होते आणि तिन्ही वेळा माझा आवाज मैदानाच्या पलीकडच्या रसवंतीगृहापर्यंत गेला होता. एवढ्या भांडवलावर मी एका हौशी नाटकमंडळीत शिरले, आणि तिथं मला चक्क मुख्य भूमिका मिळाली. म्हशीवाली.

कोल्हापूरला न आलेल्यांसाठी सांगते. आमच्याकडे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात. गिऱ्हाईक पेला धरून उभं राहतं, मालक त्याच्यासमोरच धार काढतो आणि ते फेसाळ दूध उभ्या उभ्या घशाखाली जातं. नाटकात अशाच एका बाईची म्हैस हरवते आणि ती गल्लोगल्ली तिला शोधत फिरते. नाटक सुरू होतं तेच तिच्या हाकेनं. मोकळा रंगमंच, एकटी बाई आणि ती हाक. मी त्याच दिवशी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं. मुख्याध्यापिकाबाईंना पुढची तिकिटं ठेवायचं कबूल केलं. गल्लीत बातमी पसरवायचं काम सासूबाईंनी सांभाळलं.

अडचण एकच होती. नाटकाला वाक्यंच नव्हती.

आमचा दिग्दर्शक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पुण्याला कसलंसं शिबिर करून आला होता. येताना संहिता आणली नव्हती, उत्साह मात्र पोतंभर आणला होता. "वाक्यं तुम्हीच शोधायची, मॅडम. इम्प्रोव्हायझेशन. पात्र आतून येऊ दे."

"किती आतून?" मी विचारलं. मला खरंच माहिती हवी होती.

तालमी एका तालमीच्याच माडीवर चालत. खाली पैलवान एकमेकांना लाल मातीत आपटत, वर आम्ही हवेतून माणसं घडवत होतो. खालून धप्प आवाज आला की दिग्दर्शक डोळे मिटून म्हणायचा, "हाही आवाज आत घ्या." मी घेत होते. आवाज आत जायचा, पात्र काही बाहेर यायचं नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ढोलकीवाले मामा. साठीचे, जन्मभर तमाशाच्या फडात वाजवून आलेले. सगळे त्यांना मामाच म्हणत. दिग्दर्शकानं खेळ असा लावला होता की मामांची ढोलकी म्हणजे म्हैस. मी हाक मारायची. मामांना ती खरी वाटली तर ढोलकी म्हशीच्या पावलांनी येणार. नाही वाटली तर मामा गप्प.

पहिल्या दिवशी मी पदर खोचला, हात पसरले आणि अंगाई म्हणावी तशा सुरात हाक दिली, "ये गं ये, माझ्या लाडक्या म्हशी, ये!"

मामांनी दोन्ही हात ढोलकीवर ठेवले आणि तसेच राहू दिले. "म्हस न्हाय आली, बाई."

"का नाही आली?"

"ते म्हशीला इचारा की."

दुसऱ्या आठवड्यात मी दुःखाचा प्रयोग केला. गुडघ्यांवर बसले, जमिनीला कपाळ टेकलं, खरे अश्रू काढले. गिऱ्हाइकांच्या भूमिकेतल्या दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मामांनी कमरेची चंची सोडली आणि तंबाखू मळायला घेतली.

"बाई, म्हस हरवलीया. मेली न्हाय."

शाळेत माझ्या एका नजरेनं चाळीस मुली गप्प व्हायच्या. इथं एक म्हातारा आणि एक कातडं मला दाद देत नव्हतं. घरी पोळ्या लाटताना मी हाका मारून बघत होते. नवरा म्हणाला, "मला बोलावतेस का?" म्हटलं, "तुम्ही तरी कुठं येता हाकेला?"

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, शनिवारपर्यंत बघू. नाही जमलं तर तुम्ही 'गिऱ्हाईक दोन' करा. तिला आपण म्हशीवाली देऊ." ती म्हणजे गिऱ्हाईक दोन करणारी बावीस वर्षांची पोर. गिऱ्हाईक दोनला नाटकभरात एवढंच म्हणायचं होतं, "दूध पातळ आहे." पोरगी बिचारी जमिनीकडे बघत उभी राहिली. ती जरा तरी खूश दिसली असती तर तिचा राग धरणं मला सोपं गेलं असतं.

म्हणून मी अभ्यास करायचं ठरवलं. शिक्षिका ना! वही-पेन घेतलं आणि म्हशी उभ्या असतात त्या कट्ट्यावर गेले.

इथं मला थोडं थांबून त्या बाईकडे, म्हणजे माझ्याकडे, डोळे भरून बघू द्या. कारण या बाईचा जन्म राधानगरीच्या धरणाकडच्या एका खेड्यातला. घरात चार म्हशी. गोठा आणि माजघर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. अठरा वर्षं ही म्हशींच्या श्वासावर झोपली आणि आता वहीत नोंदी करायला म्हैस बघायला निघाली होती!

पण ते खेडं मी कधीच पुरून टाकलं होतं. कोल्हापुरात कॉलेजला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातल्या मुली माझ्या बोलण्यावर हसल्या. वर्षभरात मी ते बोलणं गिळलं. पुढं मराठीची शिक्षिकाच झाले आणि मुलींच्या वह्यांत दिसेल त्या 'न्हाय'वर लाल शाई ओतू लागले. स्टाफरूममध्ये कुणी माहेर विचारलं तर म्हणायचे, "धरणाकडे." असं म्हणायचे की वडील धरणाचे इंजिनिअर असावेत असं वाटावं.

कट्ट्यावरची बाई माझी वही बघून वैतागली. "पावणं, दूध घ्यायचं न्हाय तर सरका. म्हस बुजतीया."

"तुम्ही हिला हाक कशी मारता, जरा दाखवता का?"

"कशाला? हितंच उभी हाय की."

दोन पेले दूध प्यायल्यावर तिनं हाक मारून दाखवली. बांधलेल्या म्हशीनं मान वळवून तिच्याकडे 'आता काय?' अशा नजरेनं पाहिलं. मी वहीत लिहिलं: आधी दोन आखूड स्वर, मग एक लांब, शेवट खाली. खाली रेघसुद्धा ओढली.

दुसऱ्या दिवशी माडीवर मी ती हाक जशीच्या तशी मारली. आखूड, आखूड, लांब, खाली. मामांनी मान तिरकी केली. त्यांची बोटं वर उचलली गेली. खालचे पैलवानसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले. आणि मामांनी बोटं परत खाली ठेवली.

"हाक झ्याक हाय," ते म्हणाले. "पर ही दुसऱ्याची म्हस हाय. ती आपल्या मालकिनीकडं गेली."

"मामा, ढोलकी एकच आहे हो!"

"ढोलकी एक. म्हशी लई. दिवाळीच्या पाडव्याला बघितलं न्हाय व्हय तुमी? शिंगं रंगवून, गोंडे बांधून सगळ्या म्हशी रस्त्यावर आणत्यात. मालक पुढं गाडीवर, मागं त्याची म्हस पळती. एवढा कालवा, भोंगं, माणसं. पर एक तरी म्हस चुकून दुसऱ्याच्या गाडीमागं जाती का? आपल्याच हाकंला जाती. तुमची म्हस कंची, ते बघा आधी."

मी वही दप्तरात कोंबली. माझी म्हस कंची! आता या वयात म्हाताऱ्याच्या समाधानासाठी म्हैस विकत घ्यायची राहिली होती.

शनिवार आला. मी पाच वेळा हाक मारली. गोड, उंच, खर्जात, कुजबुजून आणि शेवटी नाट्यसंगीताच्या थाटात. मामा शेंगा खात होते. पाचव्या हाकेनंतर त्यांनी एक शेंग फोडली, आतले दाणे किडके निघाले म्हणून टाकून दिले आणि दुसरी घेतली. दिग्दर्शकानं घड्याळाकडे बघितलं. ती पोर पदर नीट करू लागली.

मग काय झालं ते मी ठरवून केलेलं नाही. माहेरच्या आमच्या चार म्हशींपैकी एक भारी आडमुठी होती. भाताच्या बांधावर जाऊन उभी राहायची आणि हाक ऐकू येऊनही ऐकायची नाही. तिच्यासाठी आईची हाक निम्मी हाक आणि निम्मी शिवी असायची. शेंगा खाणारे मामा त्या क्षणी मला अगदी तिच्यासारखे दिसले.

"आगं ए भवाने! तुझा मुडदा बशिवला तुझा! कवापास्नं हाका मारतोय, कान काय बाजारात इकून आलीयास? येतीस का काठी घिऊन येऊ? हॅ… औऽऽ! हॅ… औऽऽ!"

'मारतोय'! बेचाळीस वर्षांची मराठीची बाई, तोंडात खेड्यातल्या बायकांचा तो बाप्यासारखा 'मारतोय'.

ढोलकीच्या जाड बाजूवर लांबून एक ठोका पडला. मग कितीतरी वेळानं दुसरा. मी परत 'हॅ… औऽऽ' म्हटलं, तर ठोके थांबले. आमची ती म्हैस तशीच थांबायची, मधेच. दोन घास गवत ओढायची आणि मग पोट हलवत यायची. मामांनी तेही वाजवलं. अखेर ठोके अगदी माझ्या पुढ्यात येऊन थांबले आणि मी हवेत हात पुढं करून तिच्या कपाळावर ठेवला.

दिग्दर्शक रडायच्या बेतात होता. पोरगी टाळ्या वाजवत होती. माझ्या डोक्यात मात्र पहिला विचार आला तो हा, की मुख्याध्यापिकाबाई दुसऱ्या रांगेत बसणार आहेत!

"हेच मी शुद्ध भाषेत केलं तर?" मी विचारलं.

"मॅडम," दिग्दर्शक म्हणाला, "शुद्ध भाषेत म्हैस येत नाही, हे आपण तीन आठवडे सिद्ध केलंय."

तरी मी लबाडी केलीच. प्रयोगाच्या संध्याकाळी पडदा उघडला. पुढं सगळी स्टाफरूम बसलेली, वर गॅलरीत माझ्याच वर्गातल्या मुली. आयत्या वेळी मी हाकेला इस्त्री केली. "अगं ए वेडे! किती वेळ झाला हाका मारते आहे मी!"

रंगमंचाच्या कडेला, लोकांना दिसतील असे मामा बसले होते. ढोलकी गप्प. मी परत हाक दिली. ढोलकी गप्प. कुणीतरी खोकलं. आणि त्या माणसानं, भर प्रयोगात, कमरेची चंची सोडली आणि तंबाखू मळायला सुरुवात केली.

माझं डोकंच फिरलं. जिभेवरची इस्त्री जळून गेली. म्हशीला जे बोलायचं ते बोलले, भवानीपासून मुडद्यापर्यंत, आणि मग मामांकडे वळले. "आनि तुमी काय हितं तंबाखू मळत बसलाय? माझी म्हस बघितलीसा का?"

हे कुठल्याच तालमीत नव्हतं. मामांनी चिमूट दाढेखाली सारली, सावकाश.

"कसली हुती?"

"काळी!"

"काळी व्हय?" मामा म्हणाले. "मग न्हाय बघितली."

सगळं नाट्यगृह हसलं. मी दात खाऊन परत आईची हाक मारली, पूर्ण, आत काही न ठेवता. लांबून जाड बाजूवर एक ठोका पडला. गॅलरीतून शिट्टी आली. माझ्या वर्गातली मुलगी शिट्टी मारते हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या रांगेकडे मी शेवटपर्यंत बघितलं नाही.

प्रयोगानंतर मी मामांना धरलं. "असा थांबता का भर प्रयोगात? माझा जीव गेला असता!"

"मी कुठं थांबलो, बाई? म्हसच येत न्हवती."

सोमवारी शाळेत पाय ठेवला आणि शिपायानं निरोप दिला की मोठ्या बाईंनी बोलावलंय. मी मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत आत गेले. मजकूर शुद्ध होता. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कडक इस्त्रीचं पातळ, कानात मोती, बोलण्यात एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही अशी बाई.

"तुमचं माहेर कुठलं म्हणाला होतात?"

"धर…" एवढं म्हणून मी थांबले. मग गावाचं नाव सांगितलं. विचारलं नव्हतं तरी पुढचंही सांगितलं, "घरी चार म्हशी होत्या."

बाई उठल्या, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

"आमच्याकडं सहा हुत्या," त्या हळूच म्हणाल्या.

बारा वर्षं आम्ही दोघी एकाच शाळेत, एकाच रंगाच्या शाईनं तेच शब्द खोडत होतो!

"पर तुमची हाक शेवटाला लई वर गेली," बाई म्हणाल्या. "तशी म्हस बिचकती. खाली आणायची असती."

आधीच मामांचा वैताग आणि वर हा आणखी एक परीक्षक.

"मग दाखवा की तुम्ही," मी म्हटलं.

बाईंनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. प्रार्थनेसाठी मुली रांगा लावत होत्या.

"इथं नको," त्यांनी चष्मा चढवला. "सगळ्या पळत येतील."