पुडकं बसलेलं, माणसं उभी

नाशिकहून निघताना दोन मोठ्या बॅगा भरल्या होत्या. त्यांत आम्हा दोघांचे कपडे एका कोपऱ्यात मावले होते. उरलेल्या जागेत मेथीचे लाडू, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, कुरडया, चिवडा आणि एक पोळपाट. सिंगापुरात पोळपाट मिळत नाही असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण मिळतो असंही कोणी सांगितलं नव्हतं. मग विषाची परीक्षा कशाला घ्या?

खरं ओझं मात्र बॅगेत नव्हतं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरणातून पाणी सोडावं तसं ठरलेल्या आवर्तनानंच बोलतात. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक आवर्तन सोडलं.

"परत आलो की आक्काला इकडे आणायचं. निखिलच्या खोलीत राहील ती."

आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मालेगावला एकट्या राहतात. उन्हाळ्यात न्हाणीघरात घसरून पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण डबा उघडायला अजून शेजारणीला हाक मारावी लागते.

"ती खोली निखिलची आहे," मी म्हटलं. "मुलं परत यायची आहेत."

"कधी?"

"यायची आहेत ना."

"मग तारीख विचारून घे. तारीख मिळाली तर आक्काचं दुसरं काही बघू. नाही मिळाली तर खोली तिची."

लोक सिंगापूरला बागा बघायला जातात. मी एका खोलीचा ताबा टिकवायला निघाले होते. सहा वर्षांपूर्वी आमचा मुलगा निखिल सिंगापूरला गेला तेव्हापासून मी ती खोली जपली आहे. पलंगावर चादर ताणून घातलेली. कोणी टेकलं तर मी उठवते.

संध्याकाळी आक्कांचाच फोन आला. "शुभा, माझ्यापायी पोरांना कोड्यात घालू नकोस गं. मला काही घाई नाही." घाई नसलेल्या माणसाइतका त्रास जगात दुसरं कोणी देत नाही.

चांगी विमानतळावर निखिल आणि मृणाल, आमची सून, न्यायला आले होते. जमीन इतकी चकचकीत की चपला हातात घ्याव्यात की काय असं वाटलं. एमआरटीनं (इथल्या मेट्रोनं) क्लेमेंटीला आलो. डब्यात सगळे मोबाइलमध्ये मान घालून इतके गप्प, की मी लाडवांची चौकशी केली तेव्हा अर्ध्या डब्याला कळलं की लाडू फुटले नाहीत.

मुलांचा भाड्याचा फ्लॅट दहाव्या मजल्यावर. एक हॉल, एक बेडरूम आणि दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीला श्वास घ्यायला बाहेर जावं लागेल असं स्वयंपाकघर. कपडे वाळत घालायची इथली तऱ्हा म्हणजे बांबूला कपडे ओवायचे आणि बांबू खिडकीबाहेर आडवा सोडायचा. दुसऱ्या दिवशी माझा परकर दहाव्या मजल्यावरून सिंगापूरला सलामी देत होता.

"ही तुमची खोली, आई," मृणाल म्हणाली. कपाटाचे दोन कप्पे तिनं रिकामे करून पुसून ठेवले होते.

"आणि तुम्ही?"

"हॉलमध्ये गादी आहे की. झोप काय, पाठ टेकली की लागते."

मृणाल कोल्हापूरची. तिच्या बोलण्याला आढेवेढे नसतात. मी कप्प्यांत साड्या लावल्या आणि मनाशी म्हटलं, एवढं तर करायलाच हवं. सासू आहे मी.

निखिल संगणक कंपनीत आणि मृणाल जवळच्या विद्यापीठात संशोधनाला. आठच्या सुमाराला दोघं बाहेर पडत. आठवड्याचा स्वयंपाक रविवारी. फ्रीझरमध्ये डबे, डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या. गुरुवारची उसळ मी मंगळवारी काढली, तर निखिल दारातच म्हणाला, "आई, गुरुवार खाल्लास तू." फ्रिजवर कामांची वाटणी लावलेली. त्यात माझ्या मुलाच्या नावापुढे लिहिलं होतं, कणीक. चोवीस वर्षं माझ्या घरात ज्याला पाण्याचा माठ कुठं असतो ते ठाऊक नव्हतं, तो इथं कणीक मळतो. चांगली मळतो, याचं जास्त वाईट वाटलं. त्याच कागदाच्या तळाशी होतं, 'रविवार साडेदहा, आई-बाबा. साडेअकरा, कोल्हापूर.' दर रविवारी मुलाला माझी आठवण अनावर होते अशी माझी सहा वर्षांची समजूत. ती कामाच्या यादीत, कचरा टाकण्याच्या खाली होती.

पहिल्याच शनिवारी मला लिटिल इंडियात नेलं. तिथल्या पहिल्या दुकानात पोळपाटांची उतरंड, शेजारी 'नाशिक चिवडा'. हे चिवड्याकडे बघत म्हणाले, "हा आपल्याआधी पोचला."

तिथून परतताना क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली खाण्याच्या गाळ्यांची जत्रा) जेवायला थांबलो. दुपारची वेळ, पाय ठेवायला जागा नाही. मुलं रांगेत गेली. मला एक अख्खं टेबल रिकामं दिसलं. वर टिश्यूचं एक पुडकं कोणीतरी विसरलेलं. आम्ही बसलो. घामाच्या धारा लागल्या होत्या. मी दोन कागद काढून तोंड पुसलं, दोन यांना दिले. तेवढ्यात हातात ट्रे घेऊन एक चिनी आजोबा समोर उभे.

"आंटी, माय टेबल."

"नो, नो. नोबडी हिअर," मी खात्रीनं सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातल्या पुडक्याकडे बोट दाखवलं. "आय चोप ऑलरेडी, लाह."

मृणाल धावत आली. "आई, इथं याला चोप (जागा धरून ठेवणं) म्हणतात. पुडकं दिसलं की टेबल गेलं. रुमाल टाकलाय असं समजा."

रुमाल म्हटल्यावर माझा चेहरा उतरला. रुमालाचा शास्त्रार्थ मला शिकवायची गरज नव्हती. आजोबांनी "सिट, सिट, कॅन" म्हणत आम्हाला टेबलावर सामावून घेतलं, उरलेले टिश्यूही माझ्यापुढे सरकवले. त्यांच्या नूडल्सच्या वाफेत मी मृणालला माझ्या लग्नानंतरची गोष्ट सांगितली. मालेगावच्या एसटीला ही गर्दी. मी नवी नवरी, हातात पेढ्यांचा पुडा. आक्का घोळक्यात घुसल्या, टाच उंचावली आणि खिडकीतून रुमाल असा फेकला की नेमका बाकावर. एका धिप्पाड माणसाशी भांडून त्यांनी ती जागा राखली. तिथं मला बसवलं आणि स्वतः चांदवडपर्यंत दांडी धरून उभ्या राहिल्या.

"भारीच की आक्काआत्या," मृणाल म्हणाली. "आता मनगट कसंय त्यांचं?"

"बरंय," मी म्हटलं आणि कोपी (आटवलेल्या दुधाची घट्ट कॉफी) प्यायले. हे माझ्याकडे बघत होते. आवर्तन नव्हतं, नुसतं बघत होते.

नवा मुसलमान पाच वेळा नमाज पढतो म्हणतात, तसं माझं झालं. पर्समध्ये टिश्यूची चार पुडकी बाळगू लागले. पुढच्या शनिवारी त्याच ठिकाणी मी चौघांचं टेबल पुडकं टाकून धरलं आणि ऐटीत रांगेत जाऊन उभी राहिले. रांग काही सरकेना. मागे वळून पाहिलं, तर माझ्या टेबलाशी एक म्हातारी ट्रे घेऊन उभी होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी. ट्रेमधलं सूप हिंदकळत होतं. तिनं पुडक्याकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढं गेली. दुसऱ्या टेबलावरही पुडकंच. मी हाक मारू शकले असते. चार खुर्च्या होत्या आणि आम्ही सगळे रांगेत. पण म्हटलं, नियम म्हणजे नियम.

"पुडकं बसलंय आणि बाई उभी आहे," हे शेजारून म्हणाले.

"इथली पद्धतच आहे तशी," मी म्हटलं. दोनच आठवड्यांत मी सिंगापूरची प्रवक्ती झाले होते.

तारीख विचारायची राहतच होती. तेवढ्यात तिथल्याच बिशान भागातून जेवायचं आमंत्रण आलं. निखिलच्या ओळखीचे बँकेतले एक गृहस्थ, मूळ पुण्याचे, अठरा वर्षं सिंगापुरात. मी म्हटलं, आधी या गृहस्थांवर सराव करावा.

"तुम्ही कधी परतणार?" मी विचारलं.

"दोन वर्षांत. पुण्यात फ्लॅट तयार ठेवलाय. भाड्यानंसुद्धा दिला नाही. आपली जागा आपल्यासाठी मोकळी हवी, काय?"

त्यांची मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "एव्हरी इयर ही सेज टू इयर्स, लाह."

गृहस्थ मोठ्यानं हसले. त्यांची बायको हसली नाही, आमटी वाढायला उठली. मी माझं हसू आमटीत बुडवलं. एक मात्र खरं, त्या फ्लॅटचं वर्णन मला तोंडपाठ असल्यासारखं वाटत होतं. चादर ताणलेला पलंग तिथंही असणार.

दुसऱ्या दिवशी रविवार. निखिल माझ्या पोळपाटावर पोळ्या लाटत होता, मृणाल भाजत होती, मी दारात उभी राहून चुका शोधत होते. मुलांनी बारा दिवसांची रजा टाकली होती, आमच्याबरोबरच भारतात यायला. तिकिटं परवाची. आता नाही तर कधीच नाही.

"निखिल, कायमचे कधी येताय? मला एक तारीख सांग."

लाटणं थांबलं नाही. "तारीख नाही आई."

"महिना सांग."

"मृणालला इथं कायमची नोकरी मिळालीय. आम्ही पीआरसाठी (इथं कायम राहण्याच्या परवान्यासाठी) अर्ज केलाय. पाच महिने झाले."

तव्यावरची पोळी फुगली, मृणालनं उतरवली. "मी याला म्हणत होते सांग म्हणून," ती म्हणाली. "हा म्हणायचा, आई खोली जपून बसलीय, कसं सांगू? आई, चिडायचं तर चिडा, पण आम्ही ते घर टाकलेलं नाही. दर वर्षी बारा दिवस येतो. त्यात पाच कोल्हापूर, दोन प्रवासात."

"आणि माझी खोली म्हणतेस," निखिल आता माझ्याकडे बघत म्हणाला, "तर मागच्या वेळी आमच्या बॅगा गॅलरीत होत्या. माझ्या कपाटात तुझ्या साड्या. टेबलाखाली गव्हाची कोठी. पलंगावर बसलो तर म्हणालीस, चादरीची घडी मोडेल."

उत्तर तयार होतं, पण ते ऐकण्यासारखं नव्हतं. खरं सांगायचं तर आक्का आल्या की घरात माझ्याआधी उठणारं माणूस येणार होतं. माझ्या वरणात हिंग कमी आहे हे बत्तीस वर्षांपूर्वी ज्यांनी सांगितलं, त्या रोज सांगणार होत्या. खोली मुलासाठी नव्हतीच. मुलगा माझ्यासाठी होता, दारावर कुलपासारखा लावायला.

हे हॉलमध्ये पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "शुभा, तुझं ते टिश्यूचं पुडकं उचल आता."

त्या दुपारी मी मृणालच्या कपाटातले दोन कप्पे रिकामे केले. साड्या बॅगेत कोंबताना पहिल्यांदा लक्षात आलं, तिचे कपडे तीन आठवडे हॉलमधल्या खोक्यात होते. ती एकदाही बोलली नव्हती. कोल्हापूरची असून.

जाताना तेवीस किलोंच्या बॅगा परतताना पंचवीस किलोंच्या कशा झाल्या हे मला विचारू नका. सोसायटीसाठी चॉकलेटं, सगळ्यांच्या गुडघ्यांसाठी बाम आणि पोळपाट. पोळपाट ठेवून जाते म्हटलं, तर मृणालनं ओट्याखालून आणखी दोन काढून दाखवले. एक तिच्या आईनं आणलेला, एक दोघांनी इथं घेतलेला.

नाशिकला पोचल्यावर निखिल आणि मृणालनं अर्धा दिवस ती खोली उपसली. साड्या, गहू, तीन मिक्सरची खोकी, न वापरलेला डिनर सेट. मुलाच्या म्हणवल्या जाणाऱ्या खोलीत मुलाचं म्हणून निघालं ते एक बॅडमिंटनचं रॅकेट. संध्याकाळी हे आक्कांना घेऊन आले. एक बॅग, एक पिशवी. दारातच त्या म्हणाल्या, "पोरं आलीत ना? मग मी हॉलमध्ये झोपते. मला काही घाई नाही."

"हॉल भरलाय," मृणाल म्हणाली. "आम्ही चोप केलाय." आणि तिनं गादीवर टिश्यूचं एक पुडकं टाकलं. माझ्याच पर्समधलं.

सोसायटीत सगळ्या विचारतात, सिंगापूर कसं आहे. मी सांगते, स्वच्छ आहे, शिस्तीचं आहे, जागा धरायची फार सोय आहे. पुढचं सांगत नाही. जागा धरायला मी तिथं शिकले नाही, सोडायला शिकले, तेही नाक दाबल्यावर. त्यासाठी इतकं दूर जायची गरज नव्हती, मालेगावची एसटी पुरली असती. पण एसटीतून उतरल्यावर कोणी चॉकलेटं मागत नाही.

पहिल्या सकाळी मी उठले, तेव्हा आक्का अर्थातच उठल्या होत्या. चहा झालेला. आल्याचा. चांगला. मी कप घेऊन गॅलरीत गेले, तर माझ्या रोजच्या खुर्चीत घडी केलेला पांढरा रुमाल. म्हटलं, झालं सुरू. पहिल्याच दिवशी. कप घेऊन मी तशीच उभी राहिले, त्या म्हातारीसारखी.

आतून आक्कांचा आवाज आला. "शुभा, बस गं तिथं. तुझ्यासाठी धरून ठेवलीय. नाहीतर तुझा नवरा पेपर घेऊन बसला असता."

मी रुमाल उचलला आणि बसले. वरणाचं दुपारी बघू म्हटलं.