तीन वाजून दहा मिनिटांची सोयराबाई

शिवलीला निपाणीची. १९९५ साली बंगळूरच्या जयनगरातल्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रामर होती. एका दवाखान्याचा प्रोग्राम तिच्याकडे होता. नोंदणी, औषधं आणि प्रयोगशाळा असे त्याचे तीन भाग, आणि तिघांच्या सामाईक वापराचा एक ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे माहितीचा कप्पा: समोरच्या रुग्णाचं नाव. नोंदणीने ते भरायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं, असं ठरलेलं. पण सी भाषेत तो कुठल्याही भागाला बदलता येई.

प्रयोगशाळेचा भाग जोडला त्याच आठवड्यात औषधांच्या खिडकीवरून फोन आला.

"मॅडम, रुग्ण कुणीही असो, दुपारी नाव सोयराबाई येतंय. रोज तीन-दहाला."

त्या नावाचं तिथे कुणी दाखल नव्हतं. शिवलीलाने स्वतःचे दोन्ही भाग ओळ न ओळ तपासले. चूक सापडली नाही. प्रयोगशाळेचा भाग कंपनीतले आधीचे प्रोग्रामर नरसिंहराव यांनी लिहून ठेवलेला. ते वर्षापूर्वी, फेब्रुवारीत, अपघातात गेले होते. तिने त्यांची फाइल उघडली. मधेच एक ओळ होती: घड्याळात तीन-दहा झाले की व्हेरिएबलमध्ये सोयराबाई. शेजारी रोमन लिपीत एकच शब्द, 'आई'.

तिने छापील कागद मालकांपुढे, त्रिविक्रम यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ही त्याचीच आई. त्याच दवाखान्यात गेली. मीच होतो जवळ. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती."

"म्हणून लिहिलं असेल, सर."

"कसं लिहील? ती गेली ऑगस्टमध्ये. तो गेल्यावर सहा महिन्यांनी."

शिवलीलाने फाइलची तारीख पाहिली. अकरा जानेवारी १९९४. त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता.

मग त्रिविक्रम हळूच म्हणाले, "सरी, ठीक आहे. काढून टाक ती ओळ."

तिने काढली. सामाईक व्हेरिएबलही मोडीत काढला. आता नोंदणी प्रत्येक भागाच्या हाती नाव वेगळं देऊ लागली. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम औषधांच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तीन-दहा झाले, तीन-अकरा झाले. पडद्यावरचं नाव हललं नाही.

नरसिंहरावांच्या आणखी सतरा फायली कंपनीत होत्या. शिवलीलाने त्यातली एकही उघडली नाही. सगळ्या पुसून टाकल्या आणि ते काम पहिल्यापासून स्वतः लिहून काढलं. दोन महिने गेले. त्रिविक्रम यांनी कारण विचारलं नाही.