एक फॅनबेल्ट आणि तीन अंगठे

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या आमच्या कॉलनीत तिघांनी मिळून एक जुनी मोटार घेतली. मी नगरपालिकेतला कारकून, शेजारचा पोस्टातला, त्याच्या पलीकडचा कोर्टातला. गाडी तिघांची, पण प्रत्येकाला ती आपली एकट्याचीच वाटायची. दर रविवारी कोणी ना कोणी बॉनेट उघडून उभा असायचाच.

त्यात बायकोला इगतपुरीच्या शाळेतली ऑर्डर आली. डी.एड. होऊन चार वर्षं ती वाट बघत होती. ऑर्डर हातात पडली तीच उशिरा. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. ती म्हणाली, "मी साडेनऊच्या एस.टी.नं जाते." माझं डोकंच फिरलं. दारात गाडी असताना बायको एस.टी.नं जाणार? "काही नको, गाडीनं जायचं," मी ठणकावलं. उरलेल्या दोघांनीही रजा टाकली. वहिनींना सोडायला येतो म्हणाले, पण खरं म्हणजे गाडी माझ्या एकट्याच्या हाती द्यायला त्यांचा जीव धजेना.

वाडिवऱ्हे मागे टाकलं आणि बॉनेटखाली फटकन आवाज झाला. लाल दिवा लागला, तापमानाचा काटा चढायला लागला. उतरून बघतो तर फॅनबेल्टच्या चिंध्या. पंखा आणि डायनॅमो फिरवणारा हा रबरी पट्टा गेला की इंजिन तापतं, मग गाडी पुढे न्यायची सोय नाही.

नवा पट्टा डिकीत होता. काम फार तर पंधरा मिनिटांचं. डायनॅमोचे बोल्ट ढिले करायचे, तो इंजिनाकडे ढकलायचा, पट्टा पंख्याच्या पात्यांवरून घेऊन पुल्यांवर चढवायचा. मग टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, डायनॅमो बाहेर रेटून धरायचा आणि बोल्ट आवळायचे. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा अर्धा इंच दबला पाहिजे. पण कुणाच्या अंगठ्यानं?

पोस्टातल्यानं दाबून बघितलं. "फारच ढिला आहे." मी ताणला. कोर्टातल्यानं दाबला. "एवढा ताणलास तर डायनॅमोचं बेअरिंग जाईल." बोल्ट पुन्हा सोडले. असं तीनदा झालं.

"पण आधीचा तुटलाच कसा?" पोस्टातला म्हणाला. "गेल्या रविवारी मी चांगला ताणून दिला होता."

कोर्टातला म्हणाला, "त्याच्या आदल्या रविवारी मी पण."

मी तर बुधवारीसुद्धा ताणला होता. मी वाकून पुन्हा बोल्ट आवळायला लागलो.

बायको सर्टिफिकेटांची पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. "अहो, सव्वादहा झाले."

"झालंच," मी म्हटलं, मान वर न करता.

तेवढ्यात नाशिकहून साडेनऊची एस.टी. आली. हिनं हात केला, ड्रायव्हरनं थांबवली. "तुमचं चालू द्या," असं म्हणून ती चढली आणि गेलीसुद्धा. मी टॉमी हातात घेऊन उभाच. आधी राग आला, चारचौघांत नाक कापलं म्हणून. बस दिसेनाशी झाली तसं घड्याळ बघितलं. ही जागा गेली तर ती मला जन्मात एका शब्दानं बोलणार नाही, आणि तेच मला सोसवणार नाही. अजून तरी वेळेत पोचते की नाही, कोण जाणे.

मग पट्टा आम्ही गुपचूप बसवला. इंजिन गार होऊन, विहिरीचं पाणी आणून भरेपर्यंत बराच वेळ गेला. इगतपुरी गाठायला साडेबारा वाजले. मी एकटाच शाळेत शिरलो. शिपायाला नव्या बाईंचं विचारलं.

"बाई वर्गावर गेल्यात की. सव्वाअकराला सही करून."

आतून पाढ्यांचा आवाज येत होता. तिचा आवाज सगळ्यांच्या वर. घरात इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

शिपाई माझ्या काळ्या हातांकडे बघत होता. "ड्रायव्हर का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "मी बाईंचा मिस्टर."

त्यानं मला व्हरांड्यातला बाक दाखवला. गाडी त्या दोघांनी परत नेली. मी पाच वाजेपर्यंत त्या बाकावर बसलो आणि तिच्याबरोबर एस.टी.नं घरी आलो.