आधीच आणलेले पेढे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि आमच्या घरात तिला न सांगितलेलं असं दुसरं काहीच नाही. तेव्हा बघा, किती जपून ठेवलं असेल. जपून कसलं — दडपून. आज तुमच्याजवळ बोलतोय. का, ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही.

आधी मी कोण ते सांगतो. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. निवृत्त माणूस, वेळ भरपूर, अक्षर बरं. त्यामुळे सूचनाफलक माझ्याकडे. "जिन्यात थुंकू नये. घरी थुंकावे, घर आपलेच आहे." — ही माझी. लोक फोटो काढून पुढे पाठवतात. मला त्याचा अभिमान आहे. होता. आहेच, खोटं कशाला बोलू?

आणि माझी खोड? तोंडात तीळ भिजत नाही. बायको लग्नापासून हेच म्हणते. कुणाचा दहावीचा निकाल, कुणाचं जमलेलं लग्न, कुणी गेल्याची बातमी — सगळ्यांच्या आधी मला कळायला हवं, आणि कळलं की सगळ्यांच्या आधी मी सांगायला हवं. एकदा नाटकाच्या मध्यंतरात शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मी खून कुणी केला ते सांगून टाकलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "आभारी आहे. आता घरी जायला मोकळा झालो." तरी मी सुधारलो का? छे.

आता रेहानाताईंबद्दल. त्यांच्याबद्दल बोलायचं तर मला जरा सावरून बसावं लागतं. रेहाना सय्यद, आमच्या वरच्या मजल्यावर. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. माझ्या बायकोची साखर एकदा भसकन खाली गेली, मी नुसता हातवारे करत उभा — आणि ही बाई हाताला कणीक तशीच घेऊन खाली आली, तिच्या तोंडात साखर घातली, मला म्हणाली, "काका, तुम्ही बसा आधी, नाहीतर मला दोन पेशंट होतील." असं माणूस. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. आणि काम अडलंय असंही कधी ऐकलं नाही.

त्यांची मुलगी सना. खो-खो खेळायची, आणि कशी खेळायची म्हणून सांगू! आमच्या पार्किंगमध्ये खांबांमधून पळायची तेव्हा माझ्या स्कूटरला धक्का लागेल म्हणून मी ओरडायचो. कधी लागला नाही. पण आईनं तिचा एक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. ड्युटी संपवून मैदानावर पोचेपर्यंत शेवटची शिट्टी झालेली असायची. दरवेळी. मग सनाच्या संघाचा अंतिम सामना आला, परगावी, दुपारी. तो मोबाईलवर थेट दिसणार होता. रेहानाताईंनी रजा टाकली आणि आयत्या वेळी ती रद्द झाली — एका लहान मुलाचं ऑपरेशन निघालं. थिएटरमध्ये फोन चालत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये. निघताना सना एवढंच म्हणून गेली, "अम्मी, कुणाकडून निकाल ऐकू नकोस. मला खेळताना बघ."

ते ऐकून सगळी सोसायटी पेटली. ठरलं — दुपारी कुणीच बघायचं नाही. संध्याकाळी ताई आल्या की खालच्या हॉलमध्ये पडद्यावर सगळ्यांनी एकत्र बघायचं, जणू तेव्हाच चाललाय. कल्पना अनिकेतची, तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा, खराडीला आयटीत, पडदा आणि प्रोजेक्टर त्यानंच आणला. आणि सूचना अर्थातच मी लिहिली: "निकाल कळल्यास तो स्वतःपाशीच ठेवावा. ज्यांना राहवत नाही, त्यांनी संध्याकाळी घरी राहावे." सोसायटीचा ग्रुपसुद्धा मी बंद करून टाकला, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा. ॲडमिन कोण? मीच.

दुपारी बायको झोपली. मी आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं, आणि फोनवर सामना लावला.

फक्त सुरुवात बघायची होती — असं मी स्वतःला सांगितलं. कोण असं थांबतं हो? शेवटचा डाव आला. समोरच्या संघाला जिंकायला दोन गडी हवे होते, मैदानात सना आणि आणखी एक मुलगी, आणि वेळ जवळजवळ संपलेली. सना अशी हुलकावण्या देत होती की मी एकटा खोलीत टाळ्या वाजवत होतो. आणि चित्र थांबलं. तो गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय... मला वाटलं, झालं. जिंकल्या! आता काय होणार आहे?

मी रेहानाताईंना लिहिलं — "अभिनंदन! सना जिंकली!! सगळ्यात आधी मी." पाठवून टाकलं. ग्रुपवर नाही, थेट त्यांना. लॉकर उघडतील तेव्हा पहिलं नाव माझं दिसावं. एवढंच. एवढ्यासाठी.

मग चित्र सुरू झालं.

दुसरी मुलगी बाद झाली होती. सनानं खांबाला वळसा घातला, पाय किंचित घसरला, मागून एकीनं सूर मारला आणि तिच्या टाचेला बोट लागलं. पाठोपाठ शिट्टी. एका गुणानं हरल्या. सना जमिनीवर पालथी, तोंड हातात.

मी संदेश पुसला. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं; तो त्यांच्याकडूनही पुसला गेला की फक्त माझ्याकडून, कोण जाणे. त्यांनी वाचला की नाही ते कळेना, त्या निळ्या खुणा त्यांनी बंद ठेवलेल्या. मी मनाशी म्हटलं, थिएटरमध्ये असतील, नाहीच वाचला. नंतर पाणी प्यायलो आणि नाहीच वाचला असं पक्कं ठरवून टाकलं. फोन करून खरं सांगता आलं असतं? आलं असतं. संध्याकाळपर्यंत पुष्कळ वेळ होता.

हॉल भरला. दारात मी परात घेऊन उभा — सगळ्यांचे फोन त्यात. अनिकेत म्हणाला, काका, प्रोजेक्टर माझ्या फोनवर चालणार आहे. मी चारचौघांत म्हणालो, "मग निदान त्यात डोकावू नकोस. तुम्हा मुलांच्या तोंडात तीळ भिजत नाही." लोक हसले. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. हे मी बोललो. मी!

रेहानाताई ड्युटीवरून थेट आल्या, खांद्याला कापडी पिशवी. पुढच्या रांगेत बसल्या. मी मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काहीच नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली, तेवढंच. सामना सुरू झाला आणि काय बघत होती ती बाई! पोरगी पळाली की हिचे पाय हलायचे. सगळ्यांबरोबर "खो!" म्हणून ओरडायची. "अगं, मागे बघ!" म्हणायची. शेजारची म्हातारी धास्तावली तर तिचा हात धरून म्हणाली, "बघू या ना आजी, काय होतंय." मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, बघा, हिला काही माहीत नाही.

शेवटची मिनिटं आली. सनानं खांबाला वळसा घातला. हॉल उभा राहिला. रेहानाताई तेवढ्या बसलेल्या, आणि चेहऱ्यावर हसू. भिणाऱ्या माणसाचं नाही, मजेत बघणाऱ्या माणसाचं हसू. मग बोट लागलं, शिट्टी झाली, आणि ते हसू गेलं नाही. ते तिथंच राहिलं, जणू त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग मान वळवली आणि सबंध हॉलमध्ये फक्त माझ्याकडे पाहिलं.

क्षणभरच.

कुणीतरी रडत होतं. तेव्हा त्या उठल्या, आधी टाळ्या वाजवल्या — खणखणीत — आणि पिशवीतून पेढ्यांचा खोका काढला. "हरली म्हणून काय झालं? खेळली कशी ते बघितलंत ना? तोंड गोड करा." अन् वाटायला लागल्या. लोकांना भरून आलं. आधीच पेढे आणले होते! निकाल माहीत नसताना! याला म्हणतात आईचा विश्वास! अनिकेत तर हुंदके देत होता.

विश्वास कुणावर होता, ते मला ठाऊक होतं. सेक्रेटरींवर. त्या सबंध हॉलमध्ये खोटं माहीत असलेली एकच बाई होती, आणि खरं माहीत असलेला एकच माणूस. तिनं सनाचा शब्द राखायचा म्हणून, आमचा सगळ्यांचा उत्साह राखायचा म्हणून, आपल्याला जिंकल्याचं कळलंय हे तासभर लपवलं. मी काय लपवलं?

माझ्यापाशी आल्या. खोका पुढे केला. हळूच म्हणाल्या, "घ्या काका. सगळ्यात आधी तुम्हीच घ्यायचा होता."

त्यानंतर आजतागायत एक अक्षर नाही. मला टाळलं नाही, टोमणा नाही. बायकोची साखर अजून त्याच तपासतात. गणपतीत ही पेढ्यांची गोष्ट दरवर्षी निघते, आणि माईक माझ्या हातात असल्यामुळे ती सांगतो मीच, रंगवून. रेहानाताई पुढच्या रांगेत बसून ऐकतात, हसतात. गेल्या वर्षी सना उभी राहिली — आता ती लहान मुलींना शिकवते — आणि म्हणाली, "त्या दिवशी मी खेळ सोडणार होते. अम्मीनं निकाल माहीत नसताना पेढे आणले होते हे कळलं, म्हणून नाही सोडला."

आता तुम्ही म्हणाल, म्हणून तर गप्प बसलात, पोरीसाठी. नाही. ती हे गेल्या वर्षी बोलली. मी त्याच्या कितीतरी आधीपासून गप्प आहे. अनिकेतचीही माफी मागितलेली नाही.

ज्याच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, त्यानं हे एवढं मात्र पोटात ठेवलं. आणि तो पेढा? तो मी तिथंच सगळ्यांसमोर खाल्ला, आणि "वा, ताजा आहे" म्हणालो.