प्रदक्षिणेच्या वाटेवर मिळालेला हात

तिसरा महिना संपत आला होता. म्हसळ्याच्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफी करताना एकाच जागी पुन्हा पुन्हा थांबू लागल्या, तेव्हा मीच विचारलं, काय झालं म्हणून. "बाळाचा डावा हात कोपराच्या पुढे दिसत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "लगेच काही ठरवू नका. महिन्या-दीड महिन्याने पनवेलला मोठी सोनोग्राफी करू, मग बोलू."

घरी सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं, "ग्रहणात विळी हातात घेतली व्हतीस का गं?" घेतली होती की नाही, मला आठवेना. मी सगळा दोष स्वतःवर घेतला. जेवण जाईना. हे बाळ ठेवावं की नाही, हा विचार मनात येई आणि त्या विचाराचीच भीती वाटे. शेवटी एके दिवशी नवऱ्याने होडी किनाऱ्यालाच ठेवली आणि मला हरिहरेश्वराला नेलं. खरं सांगते, मी भक्तीने गेले नव्हते, रागाने गेले होते. गाभाऱ्यासमोर हात जोडले आणि म्हटलं, एवढा मोठा समुद्र केलास, तुला एक हात पुरा करता आला नाही?

ओहोटी लागली होती, म्हणून आम्ही प्रदक्षिणेला निघालो. देवळामागे कातळातल्या पायऱ्या उतरून खाली समुद्रालगतच्या खडकांवरून जावं लागतं. नवरा दोन पावलं पुढे होता. शेवाळावरून माझा पाय सटकला आणि त्याच क्षणी मागून कुणीतरी माझ्या दंडात आपला हात अडकवून मला घट्ट धरलं. वळून पाहिलं तर एक अनोळखी बाई. ज्या हाताने तिने मला धरलं होतं, तो कोपराखाली चार बोटांवरच संपत होता.

समोर लाटा फुटत होत्या, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग मी तिथेच खडकावर बसून रडले, पोटातल्या बाळाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी जन्मापासून अशीच आहे, ताई. शाळेत शिकवते, दोन मुलं वाढवली. माझ्या आईला मी जन्मल्यावर कळलं. बिचारी वर्षभर मला पदराखाली झाकून फिरली. तुम्हाला आधी कळलंय. तुमचं रडून होईल, मग बाळ येईल."

तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

पनवेलच्या सोनोग्राफीत हृदय, पाठीचा कणा, पाय, सगळं नीट होतं. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. बाळाने तो आखूड हात उचलला आणि गालाला लावला. इतक्या अंधारात, इतक्या पाण्यात, ते आपल्या हाताशी खेळत होतं. त्याला काही कमी आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी नवऱ्याचं मनगट धरलं. "बघितलंत?" एवढंच म्हणाले.

मुलगी झाली. सासूबाईंनीच पहिली आंघोळ घातली, त्या हातालाही तेवढंच तेल चोळलं. आता ती रांगते.

ती बाई कोण होती, यावर मी वाद घालत नाही. एवढंच कळलं की मी देवाकडे चूक दुरुस्त करून मागत होते आणि त्याने मला बघायला शिकवलं. आता काही मागावंसं वाटलं, तर आधी लेकीकडे बघते. मग मागायचं राहून जातं.