दिवेलागणीनंतरचा मशमूम

“इचारलंस का त्याला?”

झाडाला हात लावण्याआधी काकूंचा हा प्रश्न ठरलेला. विचारायचं म्हणजे झाडासमोर क्षणभर उभं राहायचं. हात जोडले नाहीत तरी चालेल, पण मनात घाई नको. माझ्या मनात तेव्हा घाईशिवाय दुसरं काही नसायचं, म्हणून माझ्या वाटची परवानगीही त्याच मागून घेत.

मी इथे बहारीनमध्ये, नईममधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि जिदहफ्सला राहते. काकू आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होत्या. साताऱ्याकडच्या. काका एसीच्या कंपनीत फोरमन. मुलांना सुट्ट्या लागल्या की इथली मराठी कुटुंबं गावाकडे पळतात, पण काकू उन्हाळ्यात हलायच्या नाहीत. उन्हाळा हा त्यांचा अर्क काढायचा मोसम होता.

इमारतीमागे एका म्हाताऱ्या बहारीनी बाईचं बैठं घर होतं. हज करून आलेली, म्हणून सगळे तिला हज्जिया म्हणत, आम्हीही. तिच्या अंगणात दोन खजुरी, पत्र्याची एक शेड, आणि भिंतीच्या सावलीला मशमूमची रांग. मशमूम म्हणजे आपला सब्जा, तुळशीचं जवळचं नातलग. इथल्या बायका तो लग्नात केसांत माळतात आणि माणूस गेलं की कबरीवर वाहतात. त्याचा अर्क हज्जियाच्या घरी पूर्वापार निघायचा. गुडघे गेल्यावर तिला कोणीतरी हाताशी हवं होतं आणि काकूंना रिकामं बसवत नव्हतं. अशी ती जोडी जमली.

तांब्याच्या हंड्यात पाला आणि पाणी घालायचं, झाकणाच्या कडेनं कणीक लिंपायची, खाली मंद आग. वाफ नळीतून निघून बर्फाच्या पिंपातून जायची आणि पलीकडे थेंब थेंब बाटलीत पडायची. तुम्ही इथला ऑगस्ट काढला असेल तर ठाऊकच आहे, नळाला गार पाणी नावालाही नसतं. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, बर्फ आणायचं काम माझ्याकडे. शुक्रवारची सुट्टी मी त्यात घालवायची आणि वर बोलणीही खायची. “वितळवून आणलास व्हय? पानी न्हाई सांगितलं, बरफ सांगितला.”

दोघींचं एका गोष्टीवरून कधीच पटलं नाही. मशमूम इथे उन्हं उतरल्यावर खुडतात. हज्जिया म्हणायची, “शम्स में खुशबू मफी.” उन्हात वास राहत नाही. काकूंना ते साफ नामंजूर. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, ते झोपतं.

“झाड मेरा, घर मेरा!” हज्जिया काठी आपटायची.

“झाड आपका. नींद उसकी,” काकू शांतपणे म्हणायच्या.

शेवटी पहाटे, ऊन चढायच्या आत खुडायचं ठरलं. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, “काकू, हा सब्जा आहे. तुळशीचे नियम याला कशाला?”

“मावसभन हाय न्हवं तुळशीची? मग? मावशीच्या घरी तू कशीबी वागतीस का?”

खुडतानाही त्या शेंड्याची पानं ठेवायच्या. ती झाडाच्या वाटची.

गेल्या उन्हाळ्यात हज्जियानं अंथरूण धरलं. एका सकाळी तिनं काकूंचं मनगट पकडलं. “हम खलास, तो मशमूम इस घर का. बाजार का मफी. तुम्हारा हाथ का.” म्हणजे तिच्या कबरीवर मशमूम याच घरचा, काकूंनी खुडलेला. “इंशाल्ला, खूप वर्षांनी,” म्हणत काकूंनी ते हसण्यावारी नेलं. पण तिनं मनगट सोडलं नाही, आणि काकूंनी शब्द दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांची नोकरी संपली. व्हिसा रद्द होणार, तिकिटं निघाली. त्या दिवसापासून काकूंचं बोलणं आटलं. एकदा झाकणाला कणीक लावता लावता त्या म्हणाल्या, “पोरी, शब्द पाळायचा म्हंजी ती माज्या तिकिटाच्या आदी जायला पायजे. असं मागू का मी देवाकडं? आन न्हाई मागितलं तर शब्द खोटा पडतुया.” त्यांचे डोळे कोरडे होते. मला मात्र खाली बघावं लागलं.

काकूंनी काही मागितलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. उलट त्या हज्जियाला रोज चमच्याचमच्यानं पेज भरवत होत्या.

निघायला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी हज्जिया गेली. तिची मुलगी रडत आमच्याकडे आली. दफन मगरिबच्या नमाजानंतर, म्हणजे सूर्य मावळल्यावर. पहाटेचा पाला तर कधीच हंड्यात उकळून गेला होता. अर्काची बाटली होती, पण कबरीवर वाहायला एक ताजी काडी नव्हती.

काकू आंघोळ करून अंगणात आल्या तेव्हा अजान चालू होती. गल्लीतले दिवे लागले होते. त्या रोपांसमोर उभ्या राहिल्या. आता विचारतील म्हणून मी टोपली धरून थांबले.

“आज इचारत न्हाई,” त्या म्हणाल्या. “न्हाई म्हनालं तर काय करू?”

आणि त्यांनी कात्री चालवली. शेंडेही ठेवले नाहीत. रांगेत नुसते खुंट उरले.

कब्रस्तानाच्या फाटकाशी हज्जियाच्या मुलीनं टोपली आणि बाटली हातात घेतली, काकूंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आत गेली. आम्ही बाहेर थांबलो. काकूंनी डोक्यावर पदर घेतला होता. बऱ्याच वेळानं भिंतीवरून मशमूमचा वास आला.

“पोचलं,” काकू म्हणाल्या.

उरलेले सगळे दिवस त्या पहाटे उठून त्या खुंटांना पाणी घालत होत्या. एकही कोंब दिसला नाही. एअरपोर्टला निघतानाही टॅक्सी थांबवून त्या अंगणात जाऊन आल्या. “रागावलंय,” एवढंच म्हणाल्या. एवढ्या धीराच्या बाईचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

आता शेड बंद आहे. हंडा हज्जियाच्या मुलीनं घासून आत ठेवलाय. पाणी मी घालते, रोज, ऑफिसातून आल्यावर. काकूंचा फोन आला की साताऱ्याचा पाऊस नाही, काकांचं दुखणं नाही, आधी एकच विचारणं. “फुटलं का?” मी “अजून नाही” म्हणायची, आणि त्या विषय बदलायच्या.

परवा अंगणात गेले तर अंधारून आलं होतं. मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. एका खुंटाला दोन पानं होती. तिथूनच व्हिडिओ कॉल लावला आणि ओरडलेच, “काकू, फुटलं! हे बघा!”

पडद्यावर नुसता पदर दिसत होता, डोळ्यांना लावलेला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “दिवा बंद कर, पोरी. निजलं आसंल.”